घरातली जुनी तलवार म्यानातून निघत नाहीये आणि म्यान भुकटी होऊन गळायलंय, काय करावं?

कयाधू_काठची

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय आणि जरा लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

माझं माहेर हिंगोलीजवळचं खेडं. माळवदाचा वाडा पडायला आला म्हणून गेल्या महिन्यात वाटण्या झाल्या, घंगाळं, पाट, समया सगळं भावकीत वाटून गेलं आणि शेवटी राहिली देवघराशेजारच्या बळदातली, म्हणजे धान्याच्या कोठीतली तलवार. ती कुणीच घेईना, कुणाला पोलिसांची भीती, कुणाच्या घरात लहान लेकरं, कुणाचा पुण्याला फ्लॅट. मी म्हटलं मी नेते. आता ती परभणीला माझ्याकडं कपाटावर आजोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलीय.

ती कशी आहे ते सांगते. मूठ काळपट आणि त्यावर बारीक दाणे आहेत, साबुदाण्याच्या पापडावर हात फिरवल्यासारखं लागतं, वरून रुपेरी तार गुंडाळलेली, दोन जागी तुटून वर आलीय ती बोटाला टोचते. हाताच्या भोवती लोखंडाची जाळीदार वाटी आहे, नक्षीत मुकुट आणि खाली व्ही आणि आर एकमेकांत गुंतलेले. पातं सरळ, पण बाहेर येतं फक्त चार बोटं. मग अडकतं, कितीही ओढा. त्या चार बोटांत एका बाजूला सहा टोकांची चांदणी, तिच्या मधोमध पितळेची टिकली, टिकलीवर एच डब्ल्यू. दुसऱ्या बाजूला बारीक इंग्रजी, त्यातलं विल्किन्सन एवढंच लागतं. म्यान चामड्याचं, तपकिरी, शिवण उसवायला लागलीय आणि हात लावला की विटकरी रंगाची भुकटी बोटांना लागते, धोतराला पण डाग पडलेत.

आमची आत्या ८४ वर्षांची आहे. ती सांगते की खापरपणजोबांनी १८५७ च्या बंडात एका साहेबाकडून ही हिसकावून आणली, एच डब्ल्यू म्हणजे त्या साहेबाचं नाव, चांदणी म्हणजे देवीचं यंत्र आणि भुकटी म्हणजे वाळलेलं रक्त. म्हणून ती कधी कुणी धुतली नाही. रझाकाराच्या वेळी ज्वारीच्या बळदात पुरून ठेवली होती, ते मात्र तिनं स्वतः बघितलंय, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. दरवर्षी खंडेनवमीला तेवढी चार बोटं बाहेर काढायची, पाणी शिंपडायचं, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं आणि परत आत सारायची.

आता चुलतभाऊ म्हणतोय बफिंगच्या दुकानात देऊ, आरशासारखी करून मिळेल. आणि जुनं सामान घेणारा एक माणूस येऊन गेला, तो तलवारीचे १५ हजार देतो म्हणाला आणि वर म्हणाला म्यान सडलंय ते फेकून द्या, मी मखमलीचं नवीन घालून घेईन. मला विकायची नाहीये. पण नीट ठेवायची कशी तेच कळेना. पातं बाहेर कसं काढू? ती भुकटी थांबवता येईल का? आणि ही नेमकी आहे तरी काय? फोटो जोडलेत.

जुनं_लोखंड

ताई, सगळ्यात आधी भावाला थांबवा. बफिंगच्या चाकावर गेली की संपलं, परत काही करता येत नाही.

फोटो बघितले. ही ब्रिटिश पायदळातल्या ऑफिसरची तलवार आहे, १८९७ च्या नमुन्याची. ओळखायचं कसं ते सांगतो म्हणजे तुम्ही स्वतः ताडून बघा. १८२२ पासून त्यांच्या पायदळाच्या ऑफिसरची तलवार जराशी वाकडी असायची. १८९२ ला ते पातं बदलून सरळ केलं, भोसकायला सोयीचं, साधारण साडेबत्तीस इंच लांब आणि इंचभर रुंद. मग १८९५ ला मुठीभोवती ही पोलादी पत्र्याची जाळीदार वाटी आली. पण तिची आतली कड कोटाला घासायची, कापड झिजायचं, म्हणून १८९७ ला ती कड खाली वळवली. तुमच्या तिसऱ्या फोटोत वाटीची शरीराकडची कड बघा, बोट फिरवा, खाली दुमडलेली लागेल. तेवढ्यावरून वर्ष ठरतं.

आता व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती २२ जानेवारी १९०१ ला वारली, त्यानंतर एडवर्डची अक्षरं यायला लागली. म्हणजे तुमची तलवार १८९७ ते १९०१ या चार वर्षांतली, अगदी थोडी इकडंतिकडं धरा. आत्याबाईंना वाईट वाटेल, पण १८५७ ला ही अस्तित्वातच नव्हती.

एच डब्ल्यू हे साहेबाचं नाव नाही. हेन्री विल्किन्सन, लंडनचा तलवार बनवणारा. त्यांच्याकडं पातं वाकवून, आपटून तपासायचे आणि पास झालं की ही पितळेची टिकली पात्यात ठोकायचे. भोवतीची चांदणी म्हणजे दोन त्रिकोण एकात एक, ती त्या टिकलीची चौकट. म्हणजे तुमच्याकडं त्यांच्या चांगल्या प्रतीचं पातं आहे, कारण सगळ्याच पात्यांना ही टिकली नसायची.

आता खरं काम. पात्याची पाठ बघा, म्हणजे धारेच्या उलट बाजूची जाड कड, मुठीच्या अगदी जवळ. तिथं बारीक आकडे असतील. बाहेर येणाऱ्या चार बोटांतच येतात ते. विल्किन्सनकडं १८५४ पासून नंबरवार वही ठेवलेली होती, कुठलं पातं कधी तपासलं आणि कुणी विकत घेतलं. कंपनीनं तलवारी बनवणं २००५ ला बंद केलं पण वह्या शिल्लक आहेत आणि फी भरून उतारा मिळतो. ऑफिसरची तलवार सरकार देत नसे, ती ज्यानं त्यानं स्वतःच्या पैशानं घ्यायची, त्यामुळं वहीत माणसाचं नाव सापडायची बरीच शक्यता असते. दुकानदारानं घाऊक घेतली असेल तर मात्र दुकानाचंच नाव निघतं.

आकडे घासून काढू नका. कापसाला एक थेंब तेल लावून पुसा आणि बाजूनं तिरपा टॉर्च मारा, दिसतात.

शिकलगाराचा_नातू

नांदेडहून लिहायलोय. आमच्या घरी तीन पिढ्या हेच काम, आता मी वेल्डिंगचं दुकान चालवतो पण दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस अजून लोक तलवारी घेऊन येतात. आजोबा आधी पातं उजेडात धरून नुसतं बघत बसायचे पाच-दहा मिनिटं, गिऱ्हाईक कंटाळायचं. मग सांगायचे हे घासायचं, हे नाही घासायचं.

तुमचं नाही घासायचं. कामून ते सांगतो. आपल्याकडच्या जुन्या तलवारीला कुरुंदावर घेतलं, पॉलिश मारलं तरी पातं जाड असतं, सहन करतं. या साहेबी तलवारीवरची नक्षी तेजाबानं खाऊन काढलेली असते, केसाएवढी पण खोल नसते. आत म्यानात ती बरीच असणार, वेलबुट्टी आणि परत तोच मुकुट. बफवर धरली की अर्ध्या मिनटात सगळं सपाट. वरून चकाकते, आतून रिकामी झालेली असते. अशा दोन आमच्याकडं आल्या होत्या बफ करून आणलेल्या, आजोबांनी हातात घेऊन परत दिल्या, पैसे पण नाही घेतले, म्हणाले आता यात माझं काही काम राहिलं नाही.

पातं काढायचं कसं ते नीट वाचा कारण यात हात कापतो.

म्यानात लाकडाच्या दोन पट्ट्या असतात आणि वरून चामडं. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं धरून ठेवतं, त्यात गंज आला की अजून घट्ट. तुम्ही आता ऑगस्टमध्ये ओढायलात, नाही निघणार. घाई करू नका. उन्हात ठेवू नका, चामडं तडकंल. कोरड्या खोलीत पंख्याखाली आडवी ठेवा, दिवाळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. म्यानाच्या तोंडाशी धातूची पट्टी असंल, तिला बाजूला दोन बारीक स्क्रू असतात, ते निघाले तर पट्टी पातं घेऊन वर सरकते आणि अर्धं काम तिथंच होतं. पण स्क्रू गंजलेले असतील तर जबरदस्ती नको, डोकं उडालं की बसलात.

रॉकेल, गंजाचं स्प्रे, डिझेल यातलं काहीच म्यानात ओतू नका. लोखंडी म्यान असतं तर मीच म्हटलो असतो टाका तेल, पण चामड्यात ते झिरपून डाग पडतो आणि शिवणीचा दोरा पण जातो.

ओढताना सरळ रेषेत. पिळायचं नाही, हलवून ढिलं करू म्हणून आजूबाजूला वाकवायचं तर अजिबातच नाही. केसभर पुढं, केसभर मागं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्यान मुठीत आवळून धरू नका. शिवण सडलेली आहे, पातं एकदम सुटलं की शिवण फाडून सरळ तळहातात येतं. उघड्या तळव्यावर म्यान आडवं ठेवा, बोटं धारेच्या बाजूला वळवायचीच नाहीत, खाली जाड गोधडी घ्या आणि मूठ दुसऱ्या माणसाला धरू द्या.

कयाधू_काठची

दोघांचे खूप आभार. भावाला फोन केला, तो तयार झाला, म्हणाला तू बघ.

वाटीची कड बोटानं बघितली, खाली वळलेलीच आहे. आकडे पण सापडले, पाच आहेत, मधला एक नीट लागत नाहीये, ३ आहे का ८ ते.

आत्याला अजून सांगितलं नाही. खरं सांगू का, मलाच रात्री झोप लागली नाही. लहानपणापासून आम्ही ही गोष्ट ऐकत आलो, शाळेत निबंधात पण लिहिली होती मी. मग ही आमच्याकडं आली कशी? हिंगोलीला गोऱ्या ऑफिसरची तलवार कशाला असेल?

अंबाजोगाईचा

ताई, हिंगोलीला ती असणं अगदी साहजिक आहे, उलट नसती तर नवल.

आपल्या भागात हैदराबाद काँटिंजंट म्हणून फौज होती. पैसा निजामाचा, ऑफिसर इंग्रज, शिपाई आपल्याकडचे आणि उत्तरेकडचे. मुख्य ठाणं सिकंदराबादजवळ बोलारमला, आणि छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, आमचं अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद, तिकडं एलिचपूर अशा पसरलेल्या. याच फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहात निजामाकडून वऱ्हाड घेतलं, त्यात आपलं धाराशिव पण गेलं होतं, ते १८६० ला परत मिळालं. वऱ्हाड काही परत आलं नाही, १९०२ ला कर्झनच्या वेळी ते वर्षाला २५ लाखांवर कायमचं पट्ट्यानं दिलं. आणि लगेच १९०३ ला ही काँटिंजंट इंग्रजांच्या मुख्य हिंदी फौजेत विलीन झाली, छावण्या उठायला लागल्या.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. तलवार १८९७ ते १९०१ ची. काँटिंजंट संपली १९०३ ला. म्हणजे ही तलवार घेऊन जो कुणी तरुण ऑफिसर आला तो त्या फौजेच्या अगदी शेवटच्या वर्षांत आला असणार.

तुमच्याकडं कशी आली हे नक्की कुणीच सांगू शकणार नाही, पण तेव्हा काय चालायचं ते सांगतो. ऑफिसर वारला की त्याचं सामान पलटणीतच लिलाव करायचे आणि पैसे घरच्यांना पाठवायचे, बूट, खोगीर, तलवार सगळं. बदली होऊन जाताना पण सामान विकून किंवा देऊन जायचे. आणि आपले सुभेदार, जमादार यांना पण तलवार लागायची, ते अशी घ्यायचे. तुमचे खापरपणजोबा किंवा पणजोबा छावणीत कामाला होते का? ठेकेदारी, मोदीखाना, शिपाईगिरी, काही पण? जुन्या कागदांत, सातबाऱ्याच्या गाठोड्यात एखादी पेन्शनची चिठ्ठी सापडते का बघा. उर्दूत असेल, मोडीत असेल, फेकू नका.

अजून एक धागा देतो. काँटिंजंटच्या पायदळाच्या पलटणींना १९०३ ला ९४ ते ९९ असे नंबर मिळाले. १९२२ ला त्यातल्या बऱ्याच मिळून १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ ला तिचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं. हो, तीच कुमाऊँ, राणीखेतची. घोडदळातून डेक्कन हॉर्स झाली, ती पण आज आहे. आपल्याकडच्या लोकांना हे माहीतच नसतं, छावणीच्या जागेवरून रोज जातात येतात. राणीखेतला रेजिमेंटचं संग्रहालय आहे. वहीतून नाव हाती आलं की त्यांना पत्र टाका, त्या साली तो माणूस कुठल्या पलटणीत होता ते शोधता येतं.

आणि आत्याबाईंच्या गोष्टीबद्दल. १८५७ चूक आहे, पण बळदात लपवलेली ती त्यांनी डोळ्यांनी बघितलीय, ती गोष्ट खरी आहे. १९४८ चा सप्टेंबर बघितलेली माणसं आता किती उरलीत सांगा. फोनवर रेकॉर्ड करून घ्या. कुणी लपवली, कुणापासून, किती दिवस, वर किती ज्वारी ओतली, सगळं विचारा. हे काम तलवारीच्या आधी करा.

पुस्तकांची_ताई

मी संभाजीनगरला एका जुन्या ग्रंथालयात काम करते. तलवारीतलं मला काही कळत नाही पण फोटोतलं म्यान बघितलं आणि लगेच ओळखलं, कारण आमच्याकडं शंभर वर्षांपूर्वीच्या चामडी बांधणीच्या पुस्तकांना हाच रोग आहे. कपाट उघडलं की पदर विटकरी होतो.

ताई, ते रक्त नाही. त्याला चामड्याची लाल कुज म्हणतात. झाडाच्या सालीनं कमावलेलं त्या काळातलं चामडं हवेतली आम्लं शोषून घेतं, त्यात आपल्याकडची उष्णता आणि दमटपणा, मग आतला धागाच तुटत जातो आणि चामड्याची पावडर होते. झालेलं परत जागेवर येत नाही. पण पुढं वाढणं कमी करता येतं आणि वरचा थर धरून ठेवता येतो.

लोक सगळ्यात मोठी चूक करतात ती तेल लावायची. खोबरेल, एरंडेल, बुटाचं पॉलिश, व्हॅसलीन. दोन दिवस छान काळंभोर दिसतं, मग चिकट होतं, धूळ धरतं, बुरशी येते आणि चामडं अजून कडक होऊन तुटतं. पाण्यानं पण पुसू नका, अशा चामड्यावर पाणी पडलं की ते काळं पडून कायमचं आकसतं.

यावर एक औषध आहे, सेल्युलोजपासून केलेली एक पावडर अल्कोहोलमध्ये विरघळवून मऊ ब्रशनं अगदी पातळ लावतात, ती आत शिरून भुकटी धरून ठेवते. पण ते घरी पहिल्यांदा करायचं काम नाही. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये वस्तू जतन करायची प्रयोगशाळा आहे आणि शस्त्रांचं दालन पण आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पण जतन केंद्र आहे. फोटो पाठवून विचारा. तोपर्यंत सुती पांढऱ्या कापडात सैल गुंडाळा, प्लास्टिकमध्ये बांधू नका, आणि म्यान आडवं, पूर्ण लांबीला आधार मिळेल असं ठेवा. टोकावर उभं केलं तर सगळं वजन उसवलेल्या शिवणीवर येतं.

ते फेकून द्या म्हणणाऱ्याचा मला खरंच राग आला. चामडं टिकत नाही म्हणून तर जुनी म्यानं कमी राहतात.

जुनं_लोखंड

ताईंना शंभर टक्के पाठिंबा. म्यानाबद्दल मी आधी लिहायला पाहिजे होतं.

ऑफिसरकडं बरेचदा दोन म्यानं असायची. समारंभाला पोलादी, चकाकणारं, दोन कड्यांचं. आणि मोहिमेवर किंवा रोजच्या कामाला हे तपकिरी चामड्याचं, न चमकणारं, कमरेच्या पट्ट्याला चामड्याच्या खोळीत अडकवायचं. तो पट्टा म्हणजे सॅम ब्राउन पट्टा, कमरेला एक आणि खांद्यावरून तिरपा एक. सॅम ब्राउन हा हिंदुस्थानातल्या घोडदळाचा ऑफिसर, १८५८ च्या लढाईत त्याचा डावा हात गेला. डाव्या हातानं म्यान धरता येईना मग तलवार उपसायची कशी, म्हणून त्यानं हा पट्टा शोधून काढला. आपले फौजदार साहेब परेडला अजून तोच तिरपा पट्टा घालतात.

म्हणजे तुमच्याकडं कामाचं म्यान आलंय. लाकूड, चामडं, शिवण, तोंडाची पट्टी सगळं त्याच वेळचं. मखमलीच्या नव्या म्यानात ती तलवार घातली की ती लग्नातल्या नवरदेवाची होते.

एकच गोष्ट लक्षात ठेवा, पातं एकदा बाहेर आलं की परत त्या म्यानात कायमचं ठेवू नका. चामड्यातली आम्लं आणि ओल पात्याला खातात आणि गंज चामड्याला खातो. शेजारी शेजारी ठेवा, पण वेगळं.

वकील_नांदेड

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९. तलवार ही धारदार शस्त्रांच्या वर्गात येते. कलम ४ प्रमाणे ज्या भागासाठी अधिसूचना असेल तिथं अशी शस्त्रं विनापरवाना बाळगता येत नाहीत आणि शिक्षा कलम २५ मध्ये आहे, पेपरात ४/२५ खाली गुन्हा दाखल असं रोज येतं ते हेच. शिवाय सणावाराला, निवडणुकीला पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा शस्त्र घेऊन फिरलं की वेगळा गुन्हा. हिंगोलीहून परभणीला तुम्ही गाडीत आणली ते झालं, पण आता परत अशी कुठं नेऊ नका, दुरुस्तीला न्यायची असेल तरी आधी कागद करा.

माझा सल्ला, घाबरू नका आणि लपवू पण नका. एक अर्ज तयार करा, वाटणीपत्रात उल्लेख असेल तर त्याची प्रत, फोटो, लांबी, वरचे आकडे, वारसा म्हणून आली आहे आणि पूजेसाठी व जतनासाठी ठेवली आहे असं स्पष्ट लिहा आणि तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात देऊन पोच घ्या. परवान्याचं काय करायचं ते जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याच्या टेबलावर वकिलामार्फत विचारा. धार नाही म्हणून चालतं असं कुणी सांगेल, त्यावर जाऊ नका.

दुसरा कायदा पुरावशेषांचा, १९७२ चा. शंभर वर्षं झालेली अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तुमच्याकडं १५ हजार घेऊन आलेल्या माणसाला परवाना दाखव म्हणा.

पोरांना एवढंच सांगा, ती हातात घेऊन फोटो, रील काही नको. माझ्याकडं अशी तीन प्रकरणं आहेत, तिन्ही पोरं चांगल्या घरची, वाढदिवसाचा केक कापला होता.

कयाधू_काठची

नमस्कार, अडीच महिन्यांनी लिहितेय. दिवाळी झाली. तलवार निघाली!

पाऊस थांबल्यावर खोलीत पंखा लावून तशीच ठेवली होती. तोंडाच्या पट्टीचा एक स्क्रू निघाला, दुसरा नाही निघाला, मग तसंच. भाऊबिजेला भाऊ आला होता, त्यानं मूठ धरली, मी शिकलगार दादांनी सांगितलं तसं म्यान दोन्ही तळव्यांवर घेतलं, बोटं सरळ. केसभर पुढं, केसभर मागं, चाळीस मिनिटं लागली असतील. मग आतून एक कोरडा करकर आवाज आला आणि पातं सरळ येत गेलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आता काय दिसलं ते सांगते. मुठीजवळची चार बोटं सगळ्यात वाईट आहेत. तिथं बारीक बारीक खड्डे पडलेत, टाचणीनं टोचल्यासारखे, काळे, आणि ते गोल गोल ठिपक्यांत आहेत. मी बोट ठेवून बघितलं, प्रत्येक ठिपका बोटाच्या टोकाएवढा. आमचंच हळदकुंकू आहे ते. वर्षानुवर्षं ओलं कुंकू तिथंच लावलं आणि तसंच म्यानात सारलं. त्याच्या पुढं जवळजवळ हातभर पातं स्वच्छ आहे, करड्या रंगाचं, आणि त्यावर वेलबुट्टी आणि मुकुट आणि ते व्ही आर इतकं स्पष्ट की बोट लावायची भीती वाटली. मग शेवटची वीतभर परत लाल गंज, बळदात टोकावर उभी होती ना, ओल तिथं उतरली असणार. धार कुठंच नाही. मला वाटलं झिजली.

आत्याला सांगितलं सगळं. रेकॉर्डिंग आधी केलं, पाऊण तास बोलली. तलवार माझ्या आज्जीनं लपवली होती, आजोबांनी नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. रात्री एकटीनं बळद अर्धं उपसलं आणि सकाळी परत भरलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग मी १८५७ चं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग तुझ्या पणजोबानं इकत घेतली आसंल, त्यो छावनीत चंदी-चारा पुरवायचा. हे इतकी वर्षं तिनं कधी सांगितलंच नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

ठाण्यात अर्ज दिलाय, पोच मिळाली. म्यानाचे फोटो हैदराबादला पाठवलेत. मधला आकडा ३ आहे, तो नंबर पण विल्किन्सनच्या वहीतल्या उताऱ्यासाठी पाठवला, उत्तर यायचंय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. टोकाचा लाल गंज कसा काढू, आणि पुढच्या खंडेनवमीला पूजा कशी करायची, कारण आत्या कुंकवाशिवाय ऐकणार नाही.

शिकलगाराचा_नातू

ताई वाचून लई बरं वाटलं.

धार झिजलेली नाही. साहेब लोक शांततेच्या काळात धार लावतच नसत, लढाईवर निघायचा हुकूम आला की मग लावायचे. तुमच्या तलवारीला ती वेळ आली नाही एवढंच. लावू पण नका.

टोकाचा जो गंज लाल आणि मोकळा आहे तेवढाच काढायचा. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब, एक दिवस तसंच ठेवा, मग सगळ्यात बारीक नंबरची स्टीलची लोकर मिळते, चार शून्यवाली, तिनं लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं. गोल गोल नाही. काळा किंवा गडद तपकिरी थर लागला की थांबा, तो बसलेला आहे, तो पुढच्या गंजाला अडवतो. नक्षीच्या भागाला लोकर लावायचीच नाही, नुसतं कापडानं तेल. खड्डे आहेत तसे राहू द्या, ते भरायचे म्हटलं तर आजूबाजूचं पातं खाली घ्यावं लागतं. नंतर पातळ तेलाचा हात, आणि उघड्या बोटानं धरू नका, घामातलं मीठ दुसऱ्या दिवशी ठसा उठवतं. पावसाळ्यात महिन्याला, एरवी दोन महिन्यांनी बघत जा. खोबरेल, तीळ, तूप नको, ते वाळून चिकट होतं.

पूजेचं आमच्याकडं असं करतात. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, समोर नारळ. हळदकुंकू नारळाला आणि पाटाला. तलवारीला फूल ठेवायचं असलं तर कोरडं, झेंडूच्या देठाला पाणी असतं, ते खुडून. आणि आरती झाली की लगेच उचलून कोरड्या कापडानं पुसायची, संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही. आत्याबाईंना म्हणा हे शिकलगाराकडून आलंय, ऐकतील.

अंबाजोगाईचा

चंदी-चारा पुरवायचे म्हणजे छावणीच्या हिशेबात त्यांचं नाव कुठंतरी असणारच. ते सातबाऱ्याचं गाठोडं सोडलं का अजून?

कयाधू_काठची

भावाकडं आहे ते. येत्या रविवारी जातेय.